सुफळ संपूर्णचा हट्ट

फ्रेंच चित्रपटांविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : शेवट एवढा उदास कशासाठी? साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण व्हावी, ही आपली जुनी सवय. व्रतकथेला ती शोभते. पण प्रत्येक कलाकृतीकडे तोच प्रसाद मागणे हा निव्वळ हट्ट झाला.

रोबेर ब्रेसाँच्या ‘मुशेत’मधली (१९६७) पोर उतारावरून पुन्हा पुन्हा लोळत जाते आणि अखेर पाण्यात नाहीशी होते. आई गेलेली, देहाची विटंबना झालेली, गावाने तोंड फिरवलेले. अशा पोरीला शेवटच्या पाच मिनिटांत एखादा दयाळू मामा भेटवला असता, तर प्रेक्षक सुखाने घरी गेला असता. पण त्या गावाचा अपराध धुतला गेला असता, त्याचे काय? आन्येस वार्दा यांनी १९८५ च्या ‘सां त्वा नी ल्वा’मध्ये मोनाचे थंडीने गारठून मेलेले शरीर आरंभीच दाखवले. मग ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल उरतच नाही. वाटेत भेटलेल्यांनी तिच्यासाठी काय केले, एवढेच पाहायचे राहते.

मार्सेल कार्ने यांच्या ‘ल के दे ब्रूम’वर (१९३८) तर व्हिशी राजवटीच्या लोकांनी फ्रान्सच्या पराभवाचे खापर फोडले. वादळाचा दोष वायुभारमापकाला देऊ नये, असे कार्ने यांनी त्यावर सुनावल्याचे सांगतात. आपली तक्रार त्याच जातीची आहे.

उदासीचाही साचा होतो, हे मान्य. वजन यावे म्हणून नायकाला अखेरीस मारणारे नकलाकार कमी नाहीत. शेवट कथेतून आला की वरून चिकटवला, हीच कसोटी.

हीच कसोटी कच्च्या ध्वनिमुद्रणालाही लावावी. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नमुन्यादाखल भरली. पुढे वाद्यवृंदासह ती स्टुडिओत वाजवून पाहिली, पण जमेनात. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून निघाली. ऑस्टिनमध्ये डॅनियल जॉन्स्टन घरी भरलेल्या कॅसेटी लोकांच्या हातात ठेवत असे. त्याच्या ‘हाय, हाउ आर यू’मध्ये (१९८३) फितीची खरखर आहे, सूर डळमळतो; पण त्या आवाजामागचा माणूस लपत नाही. स्वच्छ केला असता तर तोच आधी पुसला गेला असता.

आज संगणकावर मुद्दाम खरखर मिसळणारे आहेत. नव्या धोतराला ठिगळ लावून गरिबी येत नसते! जॉन्स्टनची खरखर ही त्याची ऐपत होती, शोभा नव्हती.

गोड शेवट आणि गुळगुळीत आवाज यांचीच चटक लागलेला कान शेजारच्या घरातले न संपणारे दुःखही ‘पुरे आता’ म्हणून बंद करू पाहतो. माझे भांडण त्या कानाशी आहे. मुलांना घेऊन ‘मुशेत’ जरूर पाहावा. कितव्या वर्षी, ते आईबापांनी ठरवावे. दिवे लागल्यावर मात्र ‘अगं, सिनेमाच तो’ असे सांगून त्यांची समजूत काढू नये.