ठोका, टिकटिक आणि मराठीचे प्राध्यापक

ज्ञानभाषा म्हणून मराठीचा विचार करणारी चर्चासत्रे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतल्या काहींत निबंधही वाचले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून अशा कार्यक्रमांना अधिकच उत्साह आला आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र या चर्चांत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते: तांत्रिक विषयांसाठी मराठीत शब्द नाहीत, ते घडवावे लागतील. प्रस्तुत लेखात आम्हांला याच्या विरुद्ध एक दाखला मांडायचा आहे, आणि तो काहीशा अनपेक्षित ठिकाणचा आहे. जुन्या मोटारसायकलींवरून लांबचा प्रवास करणारी माणसे वाटेत एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करतात, त्या वेळी जी मराठी बोलली जाते तिच्याविषयी आम्ही लिहीत आहोत.

आमचा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगणे उचित. नाशकात मराठी शिकवणारे आम्ही तीन सहकारी. आमच्यापैकी दोघांकडे ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेट आहेत, एकाकडे येझदी. रविवारी वणीमार्गे सापुतारा, कधी त्र्यंबकेश्वरावरून मोखाडा-जव्हार, पावसाळ्यात घोटीमार्गे भंडारदरा, अशा आमच्या वाऱ्या चालतात. अशा गाड्या घेऊन दहाजण निघाले तर एकाची गाडी वाटेत थांबतेच, आणि एक थांबला की बाकीचे थांबतात. हा अलिखित नियम आहे. तो मोडल्याबद्दल कुणाला जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. मोडणाऱ्याला पुढच्या रविवारी कुणी फोन करत नाही, इतकेच.

ज्यांना या गाड्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. बुलेट मूळची इंग्रजी, १९५५ पासून मद्रासची झाली. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा या कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली, पुढे १९७३ पासून येझदी या नावाने निघाली आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. (या दोन्ही नावांच्या नव्या गाड्या अनुक्रमे २०१८ आणि २०२२ पासून पुन्हा बाजारात आहेत, पण त्यांचे इंजिन वेगळे, प्रकृतीही वेगळी.) म्हणजे जुन्या येझदीच्या मागे आज तिचा निर्माता उभा नाही. तिच्या पाठीशी आहेत ते इतर येझदीवाले आणि काही वृद्ध मिस्त्री. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले एकत्र जमतात, त्यात मिरवण्याचा भाग आहेच. पण त्या दिवशी सर्वांत जास्त देवाणघेवाण कसली होते म्हणाल तर सुट्या भागांची आणि सल्ल्यांची.

आता भाषेकडे येऊ. जुनी बुलेट सुरू करणे हा एक विधी आहे. हेडलाइटच्या वरच्या भागात एक छोटा अँमीटर असतो. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबत नेली की त्याचा काटा एका बाजूला झुकतो आणि मध्यावर येतो. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वरच्या टोकाशी पोहोचला. मग डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग संपूर्ण पायाने मारायची. नवख्याला हे शिकवताना अनुभवी माणूस जे बोलतो ते असे असते: "काटा मध्ये आण. आता दांडी दाब, जरासं सरकव. सोड. आता मार, पण अर्ध्यावर सोडू नकोस, उलटी मारेल." या चार वाक्यांत प्रज्वलनाची वेळ, संपीडन आणि पोटरीला बसणारा उलट झटका हे सारे येते. कुठेही परिभाषा नाही आणि कुठेही संदिग्धता नाही. आम्ही वर्गात 'अर्थनिर्णयन' शिकवतो तेव्हा आमची वाक्ये इतकी काटेकोर असतात का, याविषयी आम्ही साशंक आहोत.

परंतु खरी समृद्धी निदानाच्या भाषेत आहे. बंद पडलेल्या गाडीचा मालक दूरवरून फोन करतो. ऐकणाऱ्याला गाडी दिसत नाही, हात लावता येत नाही. उरतो तो आवाज, आणि आवाज सांगायला शब्द लागतात. टिकटिक म्हणजे वरच्या बाजूचा हलका, भरभर येणारा आवाज. बहुधा टॅपेटमधली फट वाढलेली. खळखळ डाव्या झाकणाखालून आली तर प्रायमरी चेन सैल. फुसफुस म्हणजे कुठल्यातरी सांध्यातून हवा निसटते आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके येतात, ते निराळे. आणि ठोका. हा शब्द उच्चारला की पलीकडचा माणूस दोन क्षण गप्प होतो. "सर, टिकटिक आहे की ठोका आहे, नीट ऐकून सांगा," असा प्रश्न येतो तेव्हा उत्तरावर पुढचा दिवस अवलंबून असतो: टिकटिक असेल तर हळूहळू घरी येता येते, ठोका असेल तर टेम्पो बोलवावा लागतो.

हे सगळे ध्वन्यनुकारी शब्द आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात आपण त्यांना अनुकरणवाचक म्हणून एका परिच्छेदात उरकतो, उदाहरणादाखल किलबिल आणि खळखळ देतो आणि पुढे जातो. मोल्सवर्थने तसे केले नाही. १८३१ च्या आणि नंतर १८५७ च्या विस्तारित आवृत्तीत त्याने अशा कितीतरी शब्दांची स्वतंत्र नोंद केली. एका आवाजाच्या शब्दाहून दुसऱ्याची छटा कशी वेगळी, हे सांगायचा प्रयत्न केला. त्या काळात लोखंडाची यंत्रे मराठी मुलखात जवळजवळ नव्हती. पुढच्या दीडशे वर्षांत गिरणी आली, रेल्वे आली, डिझेल पंप आला, फटफटी आली (तिचे मराठी नावच मुळी तिच्या आवाजावरून पडले), आणि मराठी माणसाने जुन्याच धातूंतून नवे, अचूक अर्थ घडवले. त्याची नोंद मात्र कुणी केली नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश झाले, मराठी विश्वकोशात 'अंतर्ज्वलन-एंजिन' आले. त्या कामाविषयी आम्हांला आदर आहे. पण अंतर्ज्वलन हा शब्द घाटात गाडी बंद पडलेल्या माणसाच्या तोंडी कधीच आला नाही, आणि त्याच्या तोंडी जो आला तो कोशात गेला नाही.

शब्द केवळ आवाजाचे नाहीत. नटाचे 'आटे गेले' म्हणजे काय हे सांगायला इंग्रजीचा आधार लागत नाही. गाडी 'तापते', 'पेट्रोल पिते', चढावर 'उचलत नाही', कार्ब्युरेटरमध्ये 'कचरा येतो', आणि शेवटी गाडी 'मान टाकते'. इंग्रजी शब्दही येथे अंगठा धरून आलेले नाहीत. वॉशरचा वायसर झाला आणि 'मिसिंग मारणे' हे क्रियापद कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

मोटारसायकल आणि साहित्य म्हटले की रॉबर्ट पिर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक पुढे केले जाते. आम्हीही ते वाचले, शिकवावे असेही वाटले. त्यात एक प्रसंग आहे: मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झाले आहे आणि निवेदक बिअरच्या डब्याची पट्टी कापून ती फट भरायला सुचवतो, मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. आमच्याकडे शीतपेयाच्या डब्याची पट्टी विनातक्रार बसते आणि पुढची दोन वर्षे निघत नाही. पण आमचा आक्षेप वेगळा आहे. पिर्सिगचा निवेदक यंत्राशी एकटा बोलतो. गॅरेजातले कारागीर त्याला बेफिकीर वाटतात, आणि म्हणून तो सारे स्वतः शिकतो. मन लावून काम करणे हे त्याच्यासाठी व्यक्तीचे मूल्य आहे. आपल्याकडे हे ज्ञान एकट्याचे कधीच नव्हते. ते मिस्त्रीकडून आले आणि रस्त्याच्या कडेला एकाने दुसऱ्याला दिले.

त्या मिस्त्रीविषयी मात्र भाबडेपणाने लिहू नये. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बलुतेदारांच्या कामांचा आणि हक्कांचा जो तपशील नोंदवला, तो वाचताना जाणवते की दुरुस्ती करणारे हात आपल्या समाजाने नेहमी गरजेचे मानले आणि मानाचे कधीच मानले नाहीत. लोहार-सुतारांची ती परंपरा भद्रकालीच्या बोळांत आणि सातपूर-अंबडच्या लेथवर आजही आहे. उस्तादाच्या हाताखाली 'छोटू' म्हणून राबलेली, पाना चुकीचा दिला म्हणून मार खाल्लेली पोरे पुढे मिस्त्री झाली. ज्यांच्याकडे ज्ञान होते त्यांना लिहिण्याची सवड नव्हती, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी त्यांना 'अरे' म्हटले. आज क्लबांतले आम्ही सुशिक्षित रायडर दुरुस्तीचे श्रेय आपापसांत वाटून घेतो, तेव्हा हा इतिहास विसरला जातो. रस्त्यावर आम्ही एकमेकांना जे शिकवतो त्यातले फार थोडे आमचे आहे.

या जगात पंडितांचे वादही आहेत, आणि ते आमच्या परिचयाचे आहेत. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची करावी का? पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का? शुद्धतावादी म्हणतात, हा प्रक्षेप आहे. कारखान्यातून निघाली तशीच संहिता राखावी. रोज गाडी चालवणारा म्हणतो, मला रात्री कसारा घाटात दिवा दिसायला हवा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा संपादकांनी प्रक्षिप्त ठरवलेला मजकूर फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. आमच्या मते गाडीच्या बाबतीतही हीच रीत बरी. बदल खुशाल करावा, काढलेला भाग तेल लावून कापडात गुंडाळून ठेवावा आणि काय बदलले ते वहीत लिहावे. त्या वहीविना पुढच्या मदतनिसाला वायरिंगचा अर्थ लावता येत नाही.

हे सारे आताच सांगण्याचे कारण आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. तरुण मेकॅनिक गाडीला स्कॅनर जोडतो, पडद्यावर त्रुटीचा क्रमांक येतो, भाग बदलला जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या गाड्यांना तेच लागते. पण कान लावून ऐकण्याची आणि ऐकलेले सांगण्याची गरज त्याच्यासाठी उरलेली नाही. दुसरीकडे जुन्या गाड्यांची वाट अरुंद होते आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे दुचाकीचे शुल्क २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२५ मध्ये २,००० रुपये. पन्नाशी ओलांडलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे सन्मान मिळतो आणि प्रवास संपतो. (अभिजात दर्जाची आठवण आम्हांला येथे झाली, ती वाचकांनी मनावर घेऊ नये.) त्यात पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल: जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने फुगतात, झिरपू लागतात, ते हवेतली ओल धरते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा, नळी नव्या पेट्रोलला टिकणारी घ्यावी, हा सल्ला सध्या आम्ही सर्वांत जास्त वेळा देतो.

हे सगळे आता व्हिडिओंत आहे, मग वेगळी नोंद कशाला, असे आमचे काही विद्यार्थी विचारतात. व्हिडिओ उपयोगी आहेत, आम्हीही पाहतो. पण व्हिडिओला आवाज ऐकू येतो म्हणून त्याला शब्द लागत नाही; फोनवरच्या माणसाला लागतो. शिवाय व्हिडिओ उलटा प्रश्न विचारत नाही.

आमचा प्रस्ताव साधा आहे. एम. ए.च्या प्रकल्पासाठी दरवर्षी तेच ते कवी निवडले जातात. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी एक वर्ष नाशिक, मालेगाव, सिन्नर येथल्या जुन्या मिस्त्रींकडे बसावे आणि शब्द उतरवून घ्यावेत. शब्द, आवाज, गाडीची जात, वापराचे वाक्य, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने. त्याला मानधन द्यावे, कारण त्याचा वेळ ही त्याची मजुरी आहे. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री सत्तरीला आले आहेत, त्यांचे दुकान दिवाळीनंतर बंद होणार आहे. नमुन्यादाखल एक नोंद आम्ही त्यांच्याशी बोलून तयार केली, ती अशी:

ठोका : पु. इंजिनाच्या खालच्या अंगाने येणारा जड, संथ, नियमित आवाज. चढावर किंवा मागे माणूस बसला असता वाढतो. कनेक्टिंग रॉडचा खालचा बुश झिजल्याची खूण. "ठोका आलाय, आता किक मारू नका." टिकटिक पाहा.