कोंबडीचा खुराक आणि मक्यातील ओल

'कोंबडीस काय, काहीही चालते,' हा समज आपल्याकडे फार जुना आहे. घरच्या खाण्यास न लागणारे, भिजलेले, कीड लागलेले किंवा काळे पडलेले धान्य कोंबड्यांपुढे टाकावयाचे, ही आपली वहिवाट. अंगणात फिरणाऱ्या गावठी कोंबडीच्या बाबतीत ती एक वेळ खपून जाते. कारण ती कोंबडी किडे, गवत, उकिरड्यावरचे दाणे असे नाना पदार्थ वेचून खाते आणि वाढावयास तिला कित्येक महिने मिळतात. मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीस मात्र हा न्याय लावता येत नाही. ते पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंहून अधिक भरावे लागते. तेवढ्या अवधीत ते साडेतीन किलोंच्या आसपास खुराक खाते आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग बहुधा मक्याचा असतो. ह्या अल्प आयुष्यातील आठ दिवस जरी निकस दाण्यावर गेले, तरी ती तूट भरून काढण्यास त्यास वेळच उरत नाही.

आम्ही मका पिकवितो, कोंबड्या दुसरे कोणी पाळतो. मग ही चिंता आम्ही का वाहावी, असे काही वाचक विचारतील. आमच्या मते ही चिंता मका पिकविणाराची आहेच. कारण मक्याचा दर्जा बिघडतो तो बहुतांशी शेतात, खळ्यावर आणि कोठारात.

चांगल्या वाळलेल्या मक्याच्या एका किलोपासून कोंबडीस सुमारे ३,३०० किलोकॅलरी उष्णता मिळते. त्यात प्रथिने शेकडा आठ ते नऊ असतात. त्यांतील लायसिन व ट्रिप्टोफॅन ह्या घटकांची उणीव सोयाबीनच्या पेंडीने भरून काढतात. हा सर्व हिशेब मका चांगला आहे असे धरून बसविलेला असतो. दाण्यास बुरशी लागली की ती कोंबातील तेल खाऊन टाकते. सोंडे लागले की दाणा आतून पोखरला जातो. मापात मका तेवढाच दिसतो, पण पिल्लास पोषण कमी पडते. मग तेवढेच वजन भरण्यास अधिक खुराक लागतो. आणि कोंबडीपालनाच्या एकंदर खर्चात खुराकाचा वाटा दोन-तृतीयांशाच्या घरात असल्यामुळे पाळणाराचा नफा तेथेच बुडतो.

ह्याहून मोठी भीती विषाची आहे. सन १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध करता त्यांच्या खुराकातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. ओल्या मक्यावर ही बुरशी सहज वाढते. आपल्या देशातही १९७४ साली राजस्थान व गुजरातेतील आदिवासी भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने यकृताचा विकार होऊन शंभरावर माणसे दगावली. कोंबडीच्या पिल्लांत हे विष थोड्या प्रमाणात गेले तरी यकृत फिके व चरबट होते, वाढ खुंटते आणि रोगप्रतिकाराची शक्ती क्षीण होते. पाळणारा रोगास आणि औषधास दोष देत बसतो. खरे कारण गोणीत असते.

खुराक शिजविल्याने किंवा दाबून त्याच्या गोळ्या केल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. प्रोपिऑनिक आम्ल लाविल्याने पुढील बुरशी रोखली जाते, पूर्वी तयार झालेले विष तसेच राहते. नुसत्या डोळ्यांनी पारखही होत नाही. कारण विष थोड्या दाण्यांत एकवटलेले असते आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या मालातही ते असू शकते. असा मका घरच्या दुभत्या जनावरांस घालणे हाही तोडगा नव्हे. विषाचा काही अंश दुधात उतरतो. मद्यार्कासाठी तो दिला तरी विष मद्यार्कात न जाता उरलेल्या चोथ्यात तिपटीच्या आसपास दाट होते, आणि तो चोथा पुन्हा पशुखाद्यातच येतो. सबब मका बिघडल्यावर उपाय शोधण्यापेक्षा तो बिघडू न देणे हाच मार्ग होय.

तो मार्ग शेतकऱ्यास ठाऊक नाही असे नाही. खरिपाचा मका काढणीस येतो त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो; खळे ओले, घरात जागा नाही, आणि दिवाळीपूर्वी पैशाची निकड. तरीही खरी अडचण दराची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शंभर किलो मक्यात शेकडा वीस ओल असेल तर त्यात कोरडा माल ८० किलो. तोच मका शेकडा तेरा ओलीपर्यंत वाळविला की वजन ९२ किलो भरते. दोन्ही मालांस किलोमागे एकच भाव मिळत असेल, तर ज्याने चार दिवस राबून मका वाळविला त्याचे आठ किलो गेले, आणि ज्याने ओलाच विकला त्याने पाणी मक्याच्या भावाने विकले. प्रामाणिकपणास दंड व निष्काळजीपणास बक्षीस, अशी ही रीत आहे. वाळलेल्या मक्यास किलोमागे सुमारे शेकडा नऊ भाव अधिक मिळाला, तरच शेतकऱ्याची नुसती बरोबरी होते. वाळविण्याची मजुरी त्याहून निराळी.

म्हणून आमची मागणी अशी की, मक्याचा सौदा ओल मोजूनच व्हावा आणि कोणत्या ओलीस कोणता भाव हे लिलावापूर्वी फळ्यावर लिहिलेले असावे. ओल मोजण्याचे यंत्र केवळ व्यापाऱ्याच्या हाती असू नये. प्रत्येक सहकारी संस्थेने आपले यंत्र ठेवावे, म्हणजे शेतकरी घरून निघतानाच आपल्या मालाची ओल जाणून घेईल. वाळविण्याचा ओटा किंवा यंत्र एकट्या लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही. पाच-पन्नास जणांनी मिळून ते सहज होईल. खुराक बनविणाऱ्यांनीही अनेक गोण्यांतून नमुना घेऊन विषाची तपासणी करावी आणि निर्दोष मालास त्याप्रमाणे अधिक दाम द्यावे.

आपल्याकडूनही काही कर्तव्य आहे. कणसे पुरती पक्व होऊ द्यावीत. ओल्या कणसांची मळणी करू नये, कारण फुटलेल्या दाण्यास बुरशी लवकर धरते. मका उघड्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर पसरावा. बुरसलेली कणसे मळणीपूर्वीच निवडून बाजूस काढावीत. चांगल्या मालात वाईट मिसळून विकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने एका गोणीचे दाम वाढत नाही, सगळ्या गावाच्या मालाचा भाव मात्र उतरतो.

आज मक्याचे एक मोठे गिऱ्हाईक कोंबडी आहे, आणि ती पाळणारा पुष्कळदा आपल्याच शेजारचा शेतकरी असतो. त्याचे पिल्लू वाढले तर आपला मका खपेल. येत्या हंगामापूर्वी आपल्या गावच्या संस्थेच्या सभेत निदान ओल मोजण्याच्या यंत्राचा प्रश्न तरी वाचकांनी मांडावा, अशी आमची विनंती आहे.