धोका माहीत होता

मावळातल्या कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे, हे कुणाला ठाऊक नव्हते? तसा फलक तिथे लागलेला होता. नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये मंजूरही झाले होते. तरीही १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरच्या त्या तीस वर्षांहून जुन्या लोखंडी पुलावर पर्यटकांची झुंबड उडाली, काहींनी दुचाकीही घातल्या. पूल कोसळला. चौघांचे प्राण गेले, पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली. त्याआधी वर्षभरापूर्वी, ३० जून २०२४ रोजी, मावळातल्याच भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक महिला आणि चार मुले वाहून गेली. तोही पावसाळ्यातला रविवारच होता.

अशा घटनांना नैसर्गिक आपत्ती म्हणणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे.

कागदाची उणीव आपल्याकडे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा केला, २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. त्यानंतरही ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नाही ही वर्दी एसटीच्या चालकाने दिली. इर्शाळवाडी तर २०२३ मध्ये दरड कोसळेपर्यंत धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती. यंत्रणा मुंबई-पुण्यात जागी असून भागत नाही; ती मावळात वडगावच्या तहसील कचेरीत आणि गावच्या चावडीवर जागी असावी लागते.

मावळ झपाट्याने बदलतो आहे. द्रुतगती मार्गाने मुंबई-पुण्याची गर्दी दारात आणली, डोंगर फोडून बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले. बचावासाठी मात्र आजही शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक या संस्थांच्या तरुणांनाच हाक मारली जाते. ते जिवावर उदार होऊन पुरात उतरतात. त्यांचे कौतुक खूप झाले. आता त्यांना साधने, विमा आणि नियमित निधी द्या.

धोकादायक ठिकाणांवरच्या बंदीच्या आदेशाला सुटीच्या दिवशी जागेवर उभा असलेला पोलीस लागतो. मोडकळीस आलेल्या पुलाला फलक नव्हे, कुलूपबंद फाटक लागते, आणि रोज त्याच वाटेने जाणाऱ्या गावकऱ्यांना पर्यायी रस्ता. जिल्हा प्रशासनाने प्रत्येक धोकादायक पूल, दरड आणि धबधब्यासाठी एका अधिकाऱ्याचे नाव मे महिन्यातच जाहीर करावे, आणि दुर्घटना घडली तर पहिला जाब त्यालाच विचारावा.