कुलूप पक्के, पण किल्ली कोणाजवळ?

भुसावळ हे बदलीवाल्यांचे गाव. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांच्यामुळे इथले कितीतरी संसार ट्रंकांमधून हिंडले. ट्रंकेच्या तळाशी सातबारा, विम्याची पॉलिसी आणि मुलांचे दाखले असत. आता ते सारे लॅपटॉपमध्ये गेले आहे आणि पुण्याला शिकणारा मुलगा तोच लॅपटॉप उशाशी घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये झोपतो. तो चोरीला गेला तर? फाईलींना संगणकात कुलूप लावता येते म्हणतात, ते कितपत पक्के, असे मला हल्ली बरेच जण विचारतात.

कुलूप पक्के आहे, यात शंका नाही. या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. मजकूर एका गुप्त किल्लीने असा घुसळायचा की किल्लीवाचून तो निव्वळ कचरा दिसावा. १९७७ पासून अमेरिकेत डीईएस ही पद्धत प्रमाण होती. तिच्या शक्य किल्ल्यांची संख्या १७ आकडी. १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत ती तीन दिवसांच्या आत फोडली. २००१ मध्ये तिच्या जागी दोन बेल्जियन तज्ज्ञांची एईएस पद्धत आली. इथे सर्वांत लहान किल्लीसाठीसुद्धा हा आकडा ३९ आकडी होतो. एकेक किल्ली लावून पाहण्याची भाषाच इथे संपते.

ब्राझीलमधले उदाहरण बोलके आहे. २००८ मध्ये तिथल्या पोलिसांनी डॅनिएल दान्तास या बँकरच्या हार्ड डिस्क जप्त केल्या. पाच महिने खटपट करून त्या उघडेनात, म्हणून अमेरिकेच्या एफबीआयकडे पाठवल्या. एफबीआयने वर्षभर प्रयत्न केले आणि २०१० मध्ये त्या तशाच बंद परत केल्या. कुलूप होते ट्रूक्रिप्ट नावाच्या, कोणालाही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचे!

मग चिंता कसली? आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत. भोवतीच्या शंभर माणसांना पत्ता लागत नसे. पण रुमालाखाली ज्याचा हात, त्याच्यापासून काय लपणार? संगणकाचेही तसेच आहे. आपण पासवर्ड घालून फाईल उघडली की ती आपल्यासाठी उघडते, तशी संगणकात आधीच शिरून बसलेल्या हेरप्रोग्रॅमसाठीही उघडते.

हा पुस्तकी धोका नव्हे. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. आर्सेनल या अमेरिकी कंपनीने बचाव पक्षासाठी त्याची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मधला तिचा अहवाल सांगतो की, नेटवायर नावाच्या हेरप्रोग्रॅमने कोणी अज्ञात व्यक्ती २२ महिने त्या लॅपटॉपमध्ये वावरत होती आणि आक्षेपार्ह पत्रे तिनेच आत ठेवली. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. अहवाल खरा की खोटा हे न्यायालयच ठरवील. पण आपल्या संगणकात दुसरा कोणी कागद ठेवू शकतो, ही शक्यता मला कागद चोरीला जाण्यापेक्षा भयंकर वाटते. चालू संगणकात शिरलेल्याला डिस्कचे कुलूप अडवत नाही.

सरकारची भूमिका काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणेने मागणी केल्यावर कुलूप उघडायला मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये, असे राज्यघटना सांगते. पासवर्ड सांगणे ही अशी साक्ष आहे काय, यावर न्यायालयांत एकमत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये तर सरकारने असा मसुदा आणला होता की, नागरिकांनी कुलूपबंद मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी. ओरड झाली आणि दोन दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. बरे झाले! कुलूप लावायचे आणि वस्तू ओट्यावर ठेवायची, असलाच तो प्रकार होता.

सामान्य घराला मात्र हेर किंवा पोलीस यांच्यापेक्षा विसरभोळेपणाच जास्त नडतो. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की, हे कुलूप आपोआप लागते. मालकाला पुष्कळदा ते ठाऊकही नसते. पुढे मदरबोर्ड बदलला की पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. म्हणजे किल्लीची एक प्रत कंपनीपाशीही आहे, हे ध्यानात असू द्यावे. पण ते खातेच दुकानदाराने त्या दिवशी कसेबसे उघडून दिलेले असेल, तर? जिथे एफबीआय हरली, तिथे आपला दुरुस्तीवाला काय करणार! आणि घरातला कर्ता माणूस पासवर्ड न सांगता गेला, तर लग्नाचे फोटो आणि जमिनीच्या कागदांच्या प्रती त्याच्याबरोबर गेल्या म्हणून समजा.

माझ्या घरी ती ४८ आकडी किल्ली एका कागदावर शाईने उतरवून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवली आहे. ती कुठे आहे हे सौभाग्यवतींना आणि थोरल्या मुलीला ठाऊक आहे. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ती कधीही ठेवू नये.