प्रामाण्य कोणाचे?

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा धर्माने आपले दरवाजे लावून घेतले आणि सरकारने त्या दरवाजांवर पोलीस उभे केले. दहाच दिवसांनी साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. मिठाच्या हक्कासाठी पेटलेल्या देशाला गोदाकाठचा हा हक्क फारसा दिसला नाही, हे राष्ट्रीय चळवळीचा वारसा सांगणाऱ्यांनी (त्यात समाजवादीही आलेच) विसरता कामा नये. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा काही वर्षे नेटाने चालविला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आता मागणी प्रवेशाची राहिली नव्हती. प्रवेश नाकारणाऱ्याचे प्रामाण्यच नाकारले गेले होते.

धर्माने नाकारले ते कायदा देईल, असे यावर म्हटले जाते. महाडचा अनुभव तपासावा. चवदार तळे नगरपालिकेचे. ते सर्वांना खुले असल्याचा तिचा ठराव १९२४ चा. तरीही डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. त्या निकालाचा आधार कोणता? बहिष्काराची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही, हा! रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर? पुजारी परंपरेचा हवाला देत होता. न्यायालय त्याच परंपरेचा दाखला मागत होते. अन्यायाचे वय मोजले गेले, अन्याय मोजला गेला नाही.

विज्ञानही सोवळे नाही. त्याच सुमारास इरावती कर्वे जर्मनीत ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गुरूच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला मोजमापांतून दुजोरा मिळत नाही, असे त्यांनी प्रबंधात मांडले. शिष्येला हे मांडता आले, एवढ्यापुरता विज्ञानाचा अधिकार खरा. फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाच्या सेवेत गेला, तेव्हाही त्याची पदवी कायमच होती.

निकाल अनुकूल लागला की पेढे वाटायचे आणि प्रतिकूल लागला की न्यायव्यवस्था विकली गेली म्हणायचे, ही कार्यकर्त्यांची सवय म्हणूनच घातक आहे. दोन्ही वेळा निकालपत्र कोणी वाचलेले नसते. दुसरी सवय त्याहून वाईट: याचिका दाखल झाली की मोर्चा थांबतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, न्या. खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले. तो निर्णय चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने नोंदविले २०१७ मध्ये. आणीबाणीचा निकाल मात्र मतदारांनी १९७७ मध्येच लावला होता.