गुडघे बदलले, हिशेब कोण ठेवणार?

‘आमचे निकाल जागतिक दर्जाचे आहेत,’ असे कृत्रिम गुडघे बसविणारी मोठी रुग्णालये छातीठोकपणे सांगत असतात. हा दर्जा ठरविला कोणी? स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणारा विद्यार्थी सहसा नापास होत नाही!

स्वीडनने १९७५ सालीच गुडघा प्रत्यारोपणाची राष्ट्रीय नोंदवही उघडली. कोणाला कोणता सांधा बसविला, तो पुन्हा काढावा लागला काय, कशामुळे, हे त्या देशाला सांगता येते. फिनलंडने १९८० साली, ऑस्ट्रेलियाने १९९९ साली तीच वाट धरली. या दोन देशांच्या नोंदींवरूनच २०१९ साली ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने दाखविले की, संपूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. त्यात भारताचा आकडा नाही. आपल्याकडील शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ साली नोंदवही सुरू केली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ती ऐच्छिक. ज्याचे निकाल वाईट, तो त्यात कशाला नोंदवील?

याची किंमत काय, ते खुब्याच्या सांध्याने दाखविले आहे. ‘डेप्यू’ कंपनीचा ‘एएसआर’ सांधा वारंवार बदलावा लागतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने २००७ सालीच हेरले. कंपनीने तो जगभरातून मागे घेतला २०१० साली. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पुढे ठावठिकाणाच लागला नाही. भरपाई द्यायची तरी कोणाला?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना लगाम घातला. लूट रोखणारा तो निर्णय अभिनंदनीयच. परंतु त्याच वेळी प्रत्येक सांध्याची नोंदही सक्तीची व्हावयास हवी होती.

आणि मोजपट्टीही आपली हवी. ‘ऑक्सफर्ड’ची बारा प्रश्नांची गुडघा-प्रश्नावली जिने उतरण्याविषयी, बाजारहाटाविषयी विचारते, मांडी घालून बसता येते काय, हे विचारीत नाही. पंगतीत आणि देवापुढे जमिनीवर बसण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तोच प्रश्न आधी पडतो.

नोंदीसाठी परकीय तंत्रज्ञान लागत नाही. सांध्याच्या खोक्यात क्रमांकाची चिकटपट्टी असतेच. ती रुग्णाच्या कागदपत्रांतच न राहता, तिची प्रत एका राष्ट्रीय कार्यालयात पोहोचविण्याचे बंधन प्रत्येक रुग्णालयावर घातले पाहिजे.