निवांतपणाचे स्तोत्र

पाठीवर बोचके टाकून जव्हार-मोखाड्याची राने तुडवणारे शहरी रसिक परतताच गाऊ लागतात: "काय तो निवांतपणा! कुणाला म्हणून घाई नाही!" दाभोसाचा धबधबा त्यांनी खुशाल पाहावा. पण घाई करायला पाड्यावर उरतो कोण? दिवाळी सरली की कितीतरी धडधाकट माणसे बिऱ्हाड उचलून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या गाठतात. १९९२-९३ साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला या मुलखाची हाक ऐकू आली. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी आज मुंबई पिते. त्याच तालुक्यातल्या बाया चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी झरे धुंडाळतात. पोटासाठी ओस पडलेल्या पाड्यांना निवांत म्हणणे ही रसिकता नव्हे. तो निगरगट्टपणा होय!